उद्यमबागमध्ये दुपारनंतर लॅपटॉप मंदावतो. नवा घ्यावा की हाच दुरुस्त करावा?

उद्यमबागकर

सर्वांना नमस्कार. बेळगावच्या उद्यमबागमध्ये माझे लहानसे मशीन शॉप असून भिंतीला लागूनच फाउंड्री आहे. लीज संपल्यावर एका कंपनीने परत केलेला बिझनेस लॅपटॉप मी तीन वर्षांपूर्वी घेतला. त्यात इंटेलचा आय५-८२५०यू प्रोसेसर, ८ जीबी रॅम आणि २५६ जीबी एसएसडी आहे. त्यावर हिशेबाची टॅली, ड्रॉइंग पाहण्याचे एक सॉफ्टवेअर आणि ब्राउझर एवढेच चालते.

सकाळी लॅपटॉप उत्तम चालतो. जेवणाच्या सुट्टीनंतर मात्र साधे व्हाउचर सेव्ह व्हायलाही वेळ लागतो. आमचा बराचसा माल शिनोळीला आणि कोल्हापूरला जातो. शिनोळी हाकेच्या अंतरावर असली तरी मध्ये राज्याची सीमा आहे, त्यामुळे बिल आयजीएसटीचे (दोन राज्यांमधल्या विक्रीवरच्या जीएसटीचे) होते आणि ५०,००० रुपयांवरचा माल ई-वे बिलाशिवाय, म्हणजे पोर्टलवर काढलेल्या मालवाहतुकीच्या कागदाशिवाय, दारातून हलवता येत नाही. मागच्या आठवड्यात लॅपटॉप अडल्याने ते बिल वेळेत निघाले नाही, भरलेला टेम्पो पाऊण तास उभा राहिला आणि ड्रायव्हरसमोर मला फार संकोच वाटला. एका दुकानदारांनी प्रोसेसर जुना झाल्याचे सांगून नवा लॅपटॉप घेण्याचा सल्ला दिला, तर दुसऱ्यांच्या मते वेल्डिंगमुळे व्होल्टेज पडते, म्हणून स्टॅबिलायझर बसवावा. खर्च करण्यापूर्वी जाणकारांचे मत हवे आहे.

खानापूरकर

नमस्कार. लॅपटॉप दुरुस्ती हाच माझा व्यवसाय आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. प्रोसेसर वयाने मंद होत नाही. सॉफ्टवेअर जड होत जाते, हे खरे, पण मग लॅपटॉप सकाळीही तितकाच मंद चालला असता. आपल्या तक्रारीतली सकाळ-दुपार हीच सर्वांत महत्त्वाची खूण आहे. स्टॅबिलायझरची गरज मला दिसत नाही. चार्जरवरचा मजकूर वाचून पाहा. इनपुट १०० ते २४० व्होल्ट असे छापलेले असेल, म्हणजे वेल्डिंग सुरू असताना दिवे मिणमिणले तरी लॅपटॉपला पुरेशी वीज मिळत राहते. चांगले अर्थिंग आणि सर्ज प्रोटेक्टर असलेला बोर्ड मात्र अवश्य असावा.

आता अंदाज न बांधता मोजून पाहू. टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्सच्या पानावर सीपीयूचा वेग पाहा. आपल्या प्रोसेसरचा मूळ वेग १.६ गिगाहर्ट्झ आहे आणि गरजेच्या वेळी तो ३.४ पर्यंत चढू शकतो. टॅली उघडी ठेवून सकाळी एकदा, दुपारी एकदा आणि दुपारीच चार्जर काढून एकदा, अशा तीन नोंदी येथे लिहा. त्याच पानावर मेमरीखाली किती स्लॉट वापरात आहेत तेही दिसते.

निपाणीकर

मी निपाणीत कर सल्लागार म्हणून काम करतो आणि माझाही लॅपटॉप याच वर्गातला आहे. रिटर्न भरण्याच्या दिवसांत जीएसटी पोर्टल, बँक, मेल आणि टॅली एकत्र उघडे असले की ८ जीबी रॅम अपुरी पडते आणि विंडोज उरलेला भार एसएसडीवर टाकते. या वर्गातल्या अनेक यंत्रांत रॅमचे दोन स्लॉट असतात आणि एकच भरलेला असतो. दुसऱ्यात तशीच ८ जीबीची पट्टी बसवल्यास जागाही वाढते आणि दोन्ही पट्ट्या एकाच वेळी वापरता येत असल्यामुळे वेगही थोडा सुधारतो. आणखी एक पाहावे: टॅलीचा डेटा दुसऱ्या संगणकावर ठेवून वाय-फायवरून उघडला जात असेल, तर लॅपटॉप कितीही चांगला असला तरी व्हाउचर रेंगाळणारच. मी मधे केबल टाकली आणि तो त्रास संपला.

उद्यमबागकर

दोघांचेही आभार. दोन दिवस नोंदी घेतल्या. सकाळी वेग २.८ ते ३.१ च्या दरम्यान राहतो. दुपारी पंखा मोठ्याने फिरतो, खालची बाजू हात ठेववत नाही इतकी तापते आणि वेग १.१ पर्यंत उतरतो. त्याशिवाय एक वेगळीच गोष्ट दिसली. कधी कधी लॅपटॉप गार असतानाही वेग थेट ०.३९ वर येऊन थांबतो आणि चार्जर काढताच पुन्हा वर जातो. मूळ चार्जरची वायर तुटल्यामुळे दिवाळीत बाजारातून दुसरा घेतला होता. टॅलीचा डेटा याच लॅपटॉपवर आहे. मेमरी ७८ टक्के भरलेली असते आणि दोनपैकी एकच स्लॉट वापरात आहे.

खानापूरकर

या नोंदींमुळे काम सोपे झाले. आपल्या लॅपटॉपमध्ये एक नव्हे, दोन वेगवेगळे दोष आहेत आणि दोन्ही एकत्र आल्यामुळे गोंधळ होत होता.

पहिला दोष चार्जरचा. अनेक बिझनेस लॅपटॉपच्या गोल तोंडाच्या चार्जरमध्ये मधोमध एक बारीक पिन असते, जिच्यामार्फत चार्जर किती वॅटचा आहे हे लॅपटॉपला कळते. ही ओळख पटली नाही, तर यंत्र स्वतःच्या रक्षणासाठी प्रोसेसरचा वेग अगदी तळाला आणते आणि काही वेळा बॅटरी भरणेही थांबवते. गार असताना दिसणारा ०.३९ चा आकडा ही त्याचीच खूण आहे. त्यामुळे मूळ कंपनीचा आणि मूळ वॅटेजचाच चार्जर घ्या. येथे वाचवलेले पैसे वेळेच्या रूपाने दसपट जातात.

दुसरा दोष उष्णतेचा. फाउंड्रीच्या शेजारी वाळूची, काजळीची आणि लोखंडाची बारीक धूळ सतत हवेत असते. पंखा ती ओढून घेतो आणि तांब्याच्या नळीच्या टोकाला असलेल्या पातळ पत्र्यांमध्ये तिचा नमद्यासारखा थर बसतो. मग पंखा कितीही फिरला तरी गरम हवा बाहेर पडत नाही आणि प्रोसेसर वेग कमी करून स्वतःला वाचवतो.

येथे कळकळीने एक विनंती करतो: शॉपमधली कॉम्प्रेसरची गन लॅपटॉपवर मारू नका. ती हाताशी असते म्हणून अनेक जण तेच करतात. तिच्या हवेत पाणी आणि तेल असते, जोराच्या झोताने पंखा मर्यादेबाहेर फिरून बिघडतो आणि वीजवाहक धूळ बोर्डाच्या खाचांत जाऊन बसते. लॅपटॉप बंद करून, चार्जर काढून, तळाचे झाकण उघडावे आणि आधी बॅटरीची जोडणी सोडवावी. पंख्याची पाती बोटाने धरून मऊ ब्रशने धूळ बाहेर काढावी. हीटसिंक (ती तांब्याची नळी आणि पत्रे) काढलाच, तर प्रोसेसरवरची उष्णता वाहून नेणारी जुनी वाळलेली पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नवी अगदी पातळ लावावी आणि स्क्रू त्यावर कोरलेल्या क्रमांकांनुसार थोडे थोडे आवळावेत. सवय नसेल, तर हे काम जाणकाराकडून समोर बसून करून घ्या.

रॅमबद्दल निपाणीकरांचे म्हणणे मला मान्य आहे, परंतु हे दोन दोष दूर केल्यानंतरच ती घ्यावी.

चिकोडीकर

मलाही दुकानासाठी असाच जुना बिझनेस लॅपटॉप घ्यायचा आहे. घेताना काय पाहावे?

निपाणीकर

विंडोज १० चा मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे आणि विंडोज ११ साठी इंटेलची साधारणपणे ८वी पिढी किंवा तिच्यानंतरचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे स्वस्त मिळाला तरी ६व्या-७व्या पिढीच्या वाटेला जाऊ नये. बायोसला (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मूळ सेटिंगला) पासवर्ड नाही याची दुकानातच खात्री करा. विंडोज नव्याने टाकून इंटरनेट जोडल्यावर जुन्या कंपनीच्या नावाने लॉगिन मागितले गेले, तर ते यंत्र अजून त्या कंपनीच्या नोंदीत आहे असे समजून परत करा. बॅटरीची खरी स्थिती पाहण्यासाठी दुकानदारांना विंडोजचा बॅटरी रिपोर्ट काढायला सांगा; त्यात मूळ क्षमता आणि आजची पूर्ण चार्जची क्षमता शेजारी शेजारी दिसतात.

उद्यमबागकर

उशिरा लिहीत असल्याबद्दल क्षमस्व. ओळखीच्या कारागिरांकडून समोर बसून सफाई करून घेतली. पत्र्यांमधून काळ्या धुळीची अख्खी पट्टी निघाली. मूळ चार्जर मागवला आणि शेवटी ८ जीबीची दुसरी पट्टी बसवली. आता दुपारी तीन वाजताही वेग २.७ च्या खाली जात नाही आणि ०.३९ चा आकडा पुन्हा दिसलेला नाही. लॅपटॉप दिवसभर चार्जरवरच असतो, म्हणून कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवले आहे. टेबलही शॉपमधून हलवून फाउंड्रीच्या विरुद्ध बाजूच्या खोलीत, दाराआड नेले आहे. काल शिनोळीचा टेम्पो माल चढेपर्यंतच काय तो थांबला. ई-वे बिल त्याआधीच निघाले होते.