मदत हवी आहे: पाच मिशांचा वर्म (समुद्री किडा), युनिसिडच (जबडे असलेल्या लांब समुद्री वर्मचा गट) ना?

१२० लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी, पाण्याचं विशिष्ट गुरुत्व १.०२५, तापमान २६ अंश. दिवे मालवल्यावर तासाभराने लाल टॉर्च मारला की लाइव्ह रॉकच्या (जिवाणू-जीव वसलेला सच्छिद्र समुद्री दगड) एकाच भोकातून वर्म बोटभर बाहेर येतो. डोक्यावर पाच मिशा, मागे फिकट पट्टा, अंगावर इंद्रधनुषी चमक. ब्रिसल वर्मचे (केसाळ समुद्री किडा) पांढरे झुपके अजिबात नाहीत. झोअँथिड (प्रवाळासारखे मऊ जीव) मुळाशी कुरतडलेले सापडतात; खेकडा दिसलेला नाही.

कोळंबीचा तुकडा घालून बाटलीचा सापळा तीन रात्री लावला, रिकामाच. चिमट्याने ओढला तर तुटून अर्धा आतच राहायचा. दगडावर माँटिपोरा (कठीण प्रवाळ) पसरलाय, म्हणून गोड्या पाण्यात बुडवणं बाद.

एवढ्यावरून युनिसिड पक्का धरू का? आणि दगड बादलीत काढून भोकात पिपेटने सोडावॉटर सोडलं, तर तो बाहेर येतो की आतच मरून अमोनिया वाढवतो?