आईच्या फॉर्मवर मी सही केली तर चालेल का? उद्याच द्यायचाय

गोदाकाठ:
आईला डिमेन्शिया आहे. दवाखान्यात संशोधनासाठी विचारलंय. तिथल्या बाई म्हणाल्या, मुलाची सही चालते. चालते का? फक्त हो की नाही सांगा.

रानजाई:
संशोधन कसलं? नव्या औषधाची ट्रायल, की नुसतं रक्त आणि एमआरआय? आईंना कितपत समजतं? त्या काय म्हणतात? हे कळल्याशिवाय हो-नाही कसं सांगायचं?

सह्यकडा:
मुळीच करू नका. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धच्या एचपीव्ही लशीच्या अभ्यासात, तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मममध्ये वसतिगृहातल्या मुलींच्या फॉर्मवर पालकांऐवजी वॉर्डनच्या सह्या होत्या. २०१३ मध्ये संसदेच्या समितीनं त्यावर कडक ताशेरे ओढले होते.

नाना_नगरकर:
सरळ आईकडून कुलमुखत्यारपत्र करून घ्या. मी वडिलांचं केलं होतं, बँकेची सगळी कामं झाली.

मधुमालती:
नाना, बँकेचं वेगळं. देणाऱ्यालाच समजत नसेल तर ते होतच नाही, आणि आधी केलेलं असलं तरी समज गेली की संपतं. १८७२ चा करार कायदा बघा.
सह्यकडा, तिथे सही करणारी माणसंच चुकीची होती. म्हणून प्रत्येक ट्रायल वाईट ठरत नाही.

सह्यकडा:
चुकीच्या माणसाची सही हाच तर माझा मुद्दा आहे! मुलाची तरी बरोबर कशावरून?

गोदाकाठ:
नव्या गोळीची ट्रायल आहे, काहींना नुसती साखरेची गोळी मिळणार. आई सकाळी नीट बोलते, संध्याकाळी गोंधळते. 'टोचू नका' म्हणते. हो की नाही?

मधुमालती:
मी ट्रायलचं काम केलंय. डिमेन्शिया आहे म्हणजे ठरवता येत नाही, असं धरायचं नसतं. सकाळी घेऊन जा आणि आईंसमोर समजवायला लावा. खरं औषध मिळेलच असं नाही, कधीही बाहेर पडता येतं, नको म्हटलं तरी नेहमीचे उपचार थांबत नाहीत, एवढं त्यांनी स्वतःच्या शब्दांत सांगितलं तर सही त्यांचीच. वाचता येत नसेल तर संशोधनाशी संबंध नसलेला साक्षीदार हवा. सांगता आलंच नाही, तरच कायदेशीर प्रतिनिधीचा, म्हणजे त्यांच्या वतीनं सही करणाऱ्याचा, प्रश्न येतो. नवी औषधं आणि ट्रायल यांच्या २०१९ च्या नियमांत ती सोय आहे. अगदी नवं रसायन असेल तर अशा रुग्णाच्या संमतीचं ध्वनिचित्रमुद्रण करावं लागतं. ते विचारा, आणि सीटीआरआयचा (देशातल्या ट्रायलची सरकारी नोंदवही) नोंदणी क्रमांक, एथिक्स कमिटीचा (ट्रायल तपासून मंजुरी देणारी समिती) फोन व फॉर्मची प्रत मागून घ्या.

तुळसवृंदावन:
आमच्या आजीला ब्राह्मीच्या तुपानं फार गुण आला. पाठवू का कुठे मिळतं ते?

रानजाई:
ताई, तो प्रश्नच नाहीये इथे. आणि ट्रायल चालू असताना डॉक्टरांना न सांगता असलं काही देऊ नका.

गोदाकाठ:
भेट संध्याकाळची दिलीय, सकाळची मागतो. भाऊ अमेरिकेत आहे, तो म्हणतो करून टाक. त्याचीही सही लागेल का?

मधुमालती:
भावाचं नंतर. आई 'टोचू नका' म्हणतात ते रक्त काढण्याला की सगळ्यालाच? तेवढं आज त्यांना विचारलंत का?