मटण सोडलं, रस्सा सुटत नाही: व्हेज पर्यायांत प्रोटीन किती?

रस्सावाली:
नवऱ्याने गणपतीपासून मटण-चिकन बंद केलंय, पण जिभेला रस्सा हवाच. म्हणून फणसाची भाजी, सोयाबीनच्या वड्या आणि फ्रोझन व्हेज नगेट्स आलटून पालटून करतेय. प्रोटीन पुरेल का? त्यांचं वजन ७० किलो, बीपीची गोळी चालू आहे.

कुयरीप्रेमी:
फणस खा, पण मटणाच्या हिशोबात धरू नका. कुयरीच्या, म्हणजे कोवळ्या फणसाच्या, रेषा हुबेहूब मटणाच्या, प्रोटीन मात्र १०० ग्रॅमला जेमतेम २-३ ग्रॅम. कोकणातला असून सांगतोय!

वरणभात:
खरा पर्याय वड्याच. फक्त पाकिटावरचं '५२ ग्रॅम' कोरड्या वड्यांचं असतं. तेल काढलेल्या सोयापिठाच्या त्या वड्या भिजल्या की साधारण तिप्पट वजनाच्या होतात, म्हणजे शिजल्यावर १०० ग्रॅमला १७ च्या आसपास. चिकन ब्रेस्ट शिजवलं की ३० भरतं. किलोमागे ०.८३ ग्रॅम धरलं तर ह्यांना दिवसाला ५८ ग्रॅम लागेल. मूठभर, ३० ग्रॅम कोरड्या वड्यांतून १५ मिळाले, उरलेलं डाळ, दही, पोळी, उसळीतून जमतं. पोळी-भातात कमी पडणारं लायसिनही (प्रोटीनचा एक आवश्यक घटक) सोयात चांगलं असतं.

लोह भरपूर दिसतं, पण अंगी कमी लागतं. वरून लिंबू पिळा आणि जेवण झाल्या झाल्या चहा टाळा. बी१२ वड्यांत नाहीच. दूध-दही रोज आहे ना? नसेल तर डॉक्टरांशी बोला.

रस्सावाली:
दही आहे. आणि नगेट्स?

वरणभात:
बीपी आहे म्हणताय, तर पाकीट उलटं करून सोडियम बघा. दिवसाची मर्यादा २००० मिलिग्रॅम, म्हणजे ५ ग्रॅम मीठ. अमेरिकेतल्या नावाजलेल्या व्हेज बर्गरच्या एका पॅटीतच ३००-४०० असतं, पाव आणि सॉस वेगळे. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापतात. मैदा किंवा स्टार्च सोयाच्या आधी असेल तर ती भजीच समजा. सोया चापलाही हाच नियम, त्यात बहुतेकदा मैदा असतो.

आलंलसूण:
थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी सोया आणि गोळीत काही तासांचं अंतर ठेवावं, गोळी नीट शोषली जात नाही.

वड्यांच्या वासाचं म्हणाल तर उकळत्या पाण्यात १० मिनिटं ठेवून घट्ट पिळा, ते पाणी फेका, पुन्हा गार पाण्यातून पिळा. मग दही, हळद, आलं-लसूण चोळून अर्धा तास. वाटण सुक्या खोबऱ्याचं, कांदा काळपट होईस्तो भाजलेला. मीठ शेवटी आणि हात आखडता.