नदीच्या पाण्याचा रिपोर्ट 'मर्यादेत' आलाय, पण वास मरणाचा येतो. आता कुठली टेस्ट करायची? (मदत हवी आहे)

पुलाजवळचा
थोडक्यात विचारतो. पहाटे नदीवर पांढरा फेस आणि उग्र वास असतो, दुपारी काहीच नसतं. पाणी लॅबमध्ये दिलं होतं. पीएच ७.४, बीओडी (घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन) २२, सीओडी (तीच घाण रसायनाने तोडायला लागणारा ऑक्सिजन) १८०. शेरा : मर्यादेत. मग वास कशाचा? टेस्टचं नाव सांगा. 'नदी वाचवा' वगैरे भाषण नको.

कल्याणकर_जुना
वालधुनी नदी म्हणा की! अंबरनाथ, उल्हासनगर करत येते, घरगुती सांडपाणी आणि रसायनं दोन्ही बरोबर घेऊन. सल्फाइड आणि अमोनिया तपासा. उल्हास नदीवर मोहने बंधाऱ्याला जलपर्णी माजते तीही सांडपाण्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवरच. नुसती उपसून काठावर टाकली की कुजून तेच परत पाण्यात जातं. उपसली तर लांब नेऊन टाकायला हवी.

पुलाजवळचा
वालधुनी कुठून आली मध्येच? नवी मुंबईचं विचारतोय.

बीओडी_२७
नवी मुंबई म्हणजे कासाडी नदी की एखादा नाला? नमुना किती वाजता घेतला, कशात घेतला, लॅबला किती तासांनी पोचला, भरती होती की ओहोटी? आणि 'मर्यादेत' हे कुठल्या तक्त्यावरून लिहिलंय?

पुलाजवळचा
कासाडीच. रोडपालीच्या अंगाला. सकाळी अकराला बिसलेरीच्या बाटलीत घेतला, दुसऱ्या दिवशी दिला. तक्ता माहीत नाही, खाली जनरल स्टँडर्ड्स लिहिलंय. भरतीचा काय संबंध? नदी आहे ती, समुद्र नव्हे.

सेक्टर_१९
एवढं कशाला? ऑनलाइन टीडीएस पेन (पाण्यात विरघळलेले क्षार दाखवणारा) मागवा, पाचशेच्या आत मिळतो. रोज पहाटे बुडवा, आकडा चढला की फोटो काढा.

बीओडी_२७
टीडीएस पेन तिथे बिनकामाचा. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. भरतीचं पाणी जरा वर चढलं की तुमचा आकडा हजारांत जाईल, त्यात कारखान्याचं काय आणि खाडीचं काय कसं ओळखणार? फेस, फिनॉल (औषधी वासाचं रसायन), तेल यांचा तर त्या पेनाला पत्ताही लागत नाही.

@पुलाजवळचा, तुमचा नमुना नदीचा आणि त्याला लावलेली फुटपट्टी कारखान्याच्या सांडपाण्याच्या नळाची. बीओडी ३०, सीओडी २५० मिग्रॅ/लिटर ही सांडपाणी सोडतानाची मर्यादा, ती नळाच्या तोंडाशी मोजायची. नदीचा निकष वेगळा : आंघोळीच्या पाण्यात बीओडी ३ च्या आत, विरघळलेला ऑक्सिजन (डीओ) किमान ५. नुसते मासे जगायलाही डीओ ४ लागतो. नदीत बीओडी २२ हा वाईटच आकडा आहे, आणि तोसुद्धा कमी दिसतोय. बाटली रात्रभर बाहेर राहिली की जिवाणू आतलं खात बसतात, बीओडी आपोआप उतरतो.

भरतीचा संबंध असा : पाणी वर ढकललं जातं तेव्हा खालची घाण पुलापर्यंत येते आणि वरचा नमुनाही दूषित दिसतो. शिवाय खारं पाणी सीओडी फुगवतं. क्लोराइड २००० मिग्रॅच्या वर गेलं की नेहमीच्या पद्धतीचा सीओडी धरू नये. क्लोराइड सोबत मोजून घ्या, नाहीतर समोरचा त्याच एका मुद्द्यावर रिपोर्ट उडवेल.

खाडीवाला
ओहोटी संपत आली की घ्यायचा. बंदराच्या कोष्टकातली वेळ आत खाडीत लागत नाही, इथे पाणी उशिरा उतरतं. भांगाच्या दिवसांत (अष्टमीच्या आसपास) पाणी कमी चढतं, तेव्हा नदीचं खरं पाणी जास्त वेळ मिळतं. उधाणाला नका जाऊ. मासे मेलेत का? बोयी मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात का?

निसर्गमित्र_के
टेस्ट करून नदी साफ होते का? ईएम (उपयुक्त जिवाणूंचं) द्रावण करा : गूळ, पाणी, जिवाणूंचं कल्चर, आठवडाभर आंबवा आणि नदीत सोडा. वास जातो.

बीओडी_२७
गूळ म्हणजे सरळ बीओडी ओततोय आपण. आहे तो ऑक्सिजन संपवायला मदत. वाहत्या पाण्यात कल्चर टिकत नाही ते वेगळंच.

निसर्गमित्र_के
सगळं केमिकलच्या चष्म्यातून बघायचं ठरवलंय तर काय बोलणार.

खारघर_मॅडम
घरी आरओ असेल तर मेंब्रेन बदलून बघा, आमच्या बिल्डिंगमध्येही वास येत होता.

कल्याणकर_जुना
ताई, नळाचं पाणी कासाडीतून येत नाही. ते नदीच्या वासाबद्दल विचारतायत.

बीओडी_२७
उग्र म्हणजे नक्की कसला? सडक्या अंड्यासारखा, अमोनियासारखा की औषधासारखा?

पुलाजवळचा
औषधासारखा. डोळे चुरचुरतात. मासे बघितले नाहीत, अंधार असतो.

बीओडी_२७
मग बीओडी-सीओडीबरोबर फिनॉल, अमोनिकल नायट्रोजन, तेल-ग्रीस आणि फेसासाठी एमबीएएस. एमबीएएस म्हणजे साबण-डिटर्जंटची टेस्ट. फेसातलं पाणी बाटलीत हलवून ठेवा. पांढरा फेस बराच वेळ विरला नाही तर डिटर्जंटचा संशय धरा. तपकिरी, मातकट वासाचा आणि लवकर विरणारा फेस कुजलेल्या पाल्याचाही असतो.

एका बाटलीत सगळं होत नाही, तुमचं तिथेच चुकलं :
- बीओडी : १ लिटरचा स्वच्छ प्लास्टिक कॅन, काठोकाठ, हवा न ठेवता. बर्फात ठेवायचा, पण गोठवायचा नाही. २४ तासांच्या आत लॅबला.
- सीओडी आणि अमोनिया : सल्फ्युरिक अॅसिडने पीएच २ च्या खाली. फिनॉललाही तेच, पण काचेच्या बाटलीत.
- तेल-ग्रीस : रुंद तोंडाची काचेची बाटली, थेट नदीत धरून भरायची. विसळायची नाही, बादलीतून ओतायची नाही, तेल भांड्याला चिकटून राहतं.
- धातू हवे असतील तर नायट्रिक अॅसिड, वेगळी बाटली.

अॅसिड घातलेल्या बाटल्या लॅबच देते, मागून घ्या. घरचं अॅसिड वापरू नका.

डीओ मात्र जागेवरच. ३०० मिलीची बीओडी बाटली, बादलीतून नळी तळापर्यंत सोडून भरायची आणि बरंच पाणी उतू जाऊ द्यायचं. वरून ओतलं की हवा मिसळते. मग मँगनस सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड-अझाइड, दोन्ही २-२ मिली पृष्ठभागाखाली, बूच लावून उलटसुलट करा. तपकिरी साका बसला तर ऑक्सिजन आहे. पांढराच राहिला तर डीओ शून्य, आकड्याची वाट बघायलाही नको.

जागा तीन घ्या : प्रवाहात संशयित नळाच्या वरच्या अंगाला, नळापाशी, आणि खाली पाणी नीट मिसळल्यावर. एकट्या पुलाखालचा नमुना कोणाकडे बोट दाखवत नाही.

सेक्टर_१९
एवढा उद्योग सामान्य माणूस करणार? म्हणून पेन म्हटलं. २०१७ ला तळोज्यात कारखान्याच्या रंगाने निळे झालेले कुत्रे दिसले तेव्हा कुठे होतं तुमचं डीओ?

कलम_२१
पेनावर कोर्टात काही उभं राहत नाही. खासगी लॅबचा रिपोर्टही कंपनीविरुद्ध पुरावा म्हणून तोकडाच पडतो. जल कायदा १९७४ च्या कलम २१ प्रमाणे प्रदूषण मंडळाचा अधिकारी नोटीस देऊन नमुना घेतो, दोन भाग करून सील लावतो, पुरावा म्हणून तो धरतात. तुमच्या रिपोर्टचा उपयोग अधिकाऱ्याला नेमक्या वेळी नेमक्या जागी आणण्यापुरता. तक्रारीत 'वास येतो' नको. फेसाचे जीपीएस-वेळेसह फोटो, ओहोटीची वेळ, तिन्ही ठिकाणचे आकडे लिहा आणि पहाटेच नमुना घ्या अशी मागणी करा. जवळच्या युनिटचं संमतीपत्र मंडळाच्या साइटवर बघा, किती सांडपाणी आणि कुठे सोडायचं ते त्यात असतं. नळ कोणाचा याचा धागा तिथून लागतो.

पुलाजवळचा
ठीक. काठाच्या पायऱ्या उतरून काचेची बाटली भरतो आणि गुरुवारी लॅबला देतो.

खाडीवाला
अंधारात पायऱ्या नका उतरू, तळाला चिखल असतो. पुलावरूनच. बादलीला दोरी बांधा, मधल्या धारेत सोडा, तीनदा विसळून मग भरा.

बीओडी_२७
तेलाच्या बाटलीला बादली नको म्हटलं ना! तिला वजन बांधलेल्या दोरीच्या जाळीत घालून पुलावरूनच सोडा.

गुरुवारही नको. बीओडी २७ अंशाला ३ दिवस ठेवतात, गुरुवारी लावलेला रविवारी वाचायला लागतो आणि लॅब बंद असते. सोमवारी किंवा मंगळवारी पहाटे घ्या, त्याच सकाळी पोचवा. लॅब ते त्याच दिवशी लावणार का, हे आधी फोनवर विचारा.

खारघर_मॅडम
मेंब्रेन कुठल्या कंपनीची चांगली मग?