मों-सँ-मिशेल गर्दीत कसं पाहिलंत? अनुभव लिहा

ओसरी

फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या किनाऱ्यावरचा तो खडक, त्यावरचा मठ आणि भोवती पसरलेली वाळू, फोटो सगळ्यांनी पाहिलेले असतात. तिकडे निघालेली मंडळी मला हल्ली तेच ते विचारतात. पॅरिसहून एका दिवसात होईल का? आईबाबा चढतील का? भरती कधी दिसते? एकटी किती जणांना सांगणार, म्हणून हा धागा. गाइडबुकातलं नको, तुमचं स्वतःचं कसं झालं ते लिहा.

सुरुवात मीच करते. वर्षाला साधारण तीस लाख माणसं तिथे येतात आणि बेटावर कायम राहणारी आहेत जेमतेम तीस. वर जाणारी मुख्य गल्ली एकच, ग्रांद रू. अकरा ते चारच्या दरम्यान त्या गल्लीत आपण चालत नाही, ढकलले जातो. त्यामुळे काय पाहायचं हे नंतर, आधी किती वाजता जायचं ते ठरवा.

आम्ही जूनमध्ये गेलो आणि रात्री बेटावरच राहिलो. मे ते ऑगस्ट मठ सकाळी ९ ते संध्याकाळी ७ उघडा असतो, शेवटचा प्रवेश बंद व्हायच्या तासभर आधी. आम्ही मुद्दाम पाचनंतरची वेळ आरक्षित केली होती. पॅरिसच्या बसेस परत निघालेल्या. वरच्या ओवऱ्यांमध्ये (हा भाग तेराव्या शतकातला, त्याला ते 'ला मेर्वेय' म्हणतात) आम्ही धरून सातआठ माणसं असू. तिथे बारीक खांबांच्या दोन रांगा आहेत, पण खांब एकमेकांसमोर नाहीत, अर्ध्या अंतराने सरकवलेले आहेत. चालत राहिलं की ते पुढेमागे हलल्यासारखे वाटतात. गर्दीत हे लक्षातही आलं नसतं, कारण गर्दीत माणूस खांबांकडे नाही, पुढच्याच्या पाठीकडे बघत चालतो.

रेनकर

मी रेन शहरात शिकतो, त्यामुळे येणाऱ्याजाणाऱ्या पाहुण्यांना घेऊन जायचं खातं माझ्याकडेच आहे. पॅरिसच्या मोंपार्नास स्टेशनवरून रेनपर्यंत तेजेव्हे (TGV, वेगवान रेल्वे) दीड तासात येते, स्टेशनला लागूनच बसस्थानक आहे, तिथून बसला सव्वा तास. दुसरा मार्ग पोंतोरसों स्टेशनचा, तिथून बेट नऊएक किलोमीटर.

माझं मत विचाराल तर जानेवारी-फेब्रुवारी. वारा कानशिलं सोलतो, पण गल्ली रिकामी. शिवाय नोव्हेंबर ते मार्च महिन्याच्या पहिल्या रविवारी मठात प्रवेश फुकट असतो (म्हणून त्या दिवशी आसपासचे सगळे फ्रेंच हजर, हेही लक्षात ठेवा). १ जानेवारी, १ मे आणि २५ डिसेंबरला मठ बंद. महाराष्ट्र दिन साजरा करायला तिकडे जाऊ नका.

मे महिन्यात फ्रेंचांच्या सुट्ट्या जोडून येतात. तो काळ ऑगस्टइतकाच वाईट.

उधाणवारा

माझं आजोळ हर्णैजवळचं, त्यामुळे माझा सगळा बेत भरतीभोवती ठरला. आपल्याकडे तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. तिकडे घड्याळ वेगळं, पण चंद्र तोच. पौर्णिमा-अमावास्येनंतर दीड-दोन दिवसांनी मोठं उधाण येतं. फ्रेंच लोक प्रत्येक भरतीला २० ते १२० मधला एक आकडा देतात. गावातल्या माहिती केंद्रात आणि नेटवर त्याचं वर्षभराचं कोष्टक मिळतं. आकडा ११० च्या पुढे गेला तरच बेटाला चहूबाजूंनी पाणी लागतं. साठ-सत्तरच्या दिवशी गेलात तर वाळूच दिसणार, मग 'समुद्र कुठेय' म्हणून चिडू नका. मार्च आणि सप्टेंबरमधली उधाणं सगळ्यांत मोठी.

आता महत्त्वाचं. त्या किनाऱ्यावर मोठ्या उधाणाचं पाणी सकाळी सात-नऊच्या सुमारास आणि पुन्हा संध्याकाळी साधारण त्याच वेळी चढतं. म्हणजे दिवसभराच्या सहलीवाल्यांना ते दिसतच नाही! राहायला हवं, निदान पलीकडच्या काठावर तरी. कोष्टकातल्या वेळेच्या दोन तास आधी जागा धरा. ओहोटी आणि भरतीच्या पातळीत इथे चौदा मीटरपर्यंत फरक पडतो आणि किनारा इतका सपाट की पाणी आधी फक्त चरांमधून आत येतं. एक चमकती रेघ दिसते, मग ती रुंद होते, मग मधली वाळूची पाठ नाहीशी होते. आवाज आधी ऐकू येतो.

क्वेनों नदीवरचं धरणही बघा, लोक त्यावरून नुसते चालत जातात. १८७९ मध्ये बेटापर्यंत भराव घालून रस्ता केला, त्याने पाण्याची वाट अडली. शेतीसाठी बांध आधीच घातलेले होतेच. गाळ साचत गेला आणि बेट जमिनीला चिकटायला लागलं. २००९ चं हे धरण भरतीचं पाणी अडवून ठेवतं आणि ओहोटी लागली की सोडतं, त्या लोंढ्याने गाळ समुद्रात ढकलला जातो. २०१४ मध्ये खांबांवरचा पूल झाला आणि जुना भराव काढून टाकला. एवढा खटाटोप बेट बेट राहावं म्हणून.

भाकरतुकडा

खाण्याचं कोणीच लिहिलं नाही! शाकाहारी असाल तर गालेत मागवा, कुट्टूच्या पिठाचं मोठं पातळ धिरडं. आत बहुतेकदा हॅम घालतात, तेव्हा 'सां जांबों' एवढं पाठ करून जा. चीज, अंडं, मशरूम, काहीही चालतं. दुपारी मात्र बेटावर बसायला टेबल मिळणं मुश्कील आणि जे मिळालं तिथे आमचं बिल बघून नवरा गप्पच झाला. दुसऱ्या दिवशी ब्रेड, चीज आणि इथून नेलेली शेंगदाण्याची चटणी घेऊन तटावर बसलो.

मेर पुलार या बेटावरच्या खाणावळीचं १८८८ पासूनचं ऑम्लेट आम्ही खाल्लं नाही, पण दारातून पाहिलं. तांब्याच्या भांड्यात लांब दांड्याच्या फेटणीने अंडी फेटतात, दोघं-तिघं मिळून ठेक्यात. मुलगी तिथून हलेना.

सूनबाई

सासूबाई सत्तरीच्या पुढच्या, गुडघे कुरकुरणारे. वाहनतळ मुख्य जमिनीवर, बेटापासून अडीच किलोमीटरवर आहे. तिथून बस फुकट मिळते, पण ती वेशीपासून साडेतीनशे-चारशे मीटर अलीकडेच सोडते. आम्ही गेलो तेव्हा घोडागाडीही होती, तिला पैसे पडत होते. त्यापुढे दगडी फरशी, आणि मठापर्यंत साधारण ३५० पायऱ्या. लिफ्ट नाही.

आम्ही वेशीतून आत शिरल्यावर गल्ली टाळून उजवीकडून तटावर चढलो. पायऱ्या तितक्याच, पण वारा लागतो, बसता येतं, मागून कोणी ढकलत नाही. "अहो आई, इथेच थांबू या का?" असं मी दर वळणावर विचारत होते, शेवटी त्याच म्हणाल्या, "तू दमलीस का?" पश्चिमेच्या मोठ्या गच्चीवर त्या मस्त बसून राहिल्या. तिथल्या फरशीच्या दगडांवर आकडे कोरलेले आहेत, आपण किती दगड घडवले याचा हिशोब राहावा म्हणून पाथरवटांनी केलेल्या खुणा. त्यांनी वाकून एकेक बोटाने चाचपून पाहिला.

दुपारची प्रार्थना मठाच्या चर्चमध्ये होते, तिला तिकीट लागत नाही. सोमवारी नसते. २००१ पासून तिथे भिक्षू-भिक्षुणींचा छोटा समूह राहतो. भाषा कळली नाही तरी त्यांचं गाणं ऐकायला आईंना आवडलं.

डोंगरवाट

आम्ही चालत गेलो, वाळूतून. समोरच्या किनाऱ्यावरच्या जने गावाच्या बाजूने वाटाड्या घेऊन निघतात, एका बाजूने सात किलोमीटरच्या आसपास, अनवाणी, अर्ध्या चड्डीत. पोटरीभर थंडगार पाणी दोन-तीनदा ओलांडावं लागतं. वाटाड्याने एका जागी पाय आपटून दाखवले, तर भोवतालची वाळू खरवसासारखी थरथरायला लागली आणि त्याचा गुडघा आत! सुटायचं तर झटके न देता, पाय हळूहळू डोलवत, वजन दुसरीकडे टाकत. एकट्याने हा उद्योग करू नका, धुकं आलं तर दिशाच राहत नाही. जुने यात्रेकरू असेच यायचे.

परतीच्या वाटेवर आव्रांश गावाला सँ-झेर्वे चर्चमध्ये थांबा. ७०८ साली देवदूत मायकेलने तिथल्या ओबेर बिशपच्या स्वप्नात येऊन खडकावर देऊळ बांध म्हणून सांगितलं, त्याने दोनदा कानाडोळा केला, तेव्हा तिसऱ्यांदा कवटीत बोट खुपसलं, अशी कथा आहे. भोकासकट ती कवटी तिथे ठेवलेली आहे. आमच्याशिवाय चर्चमध्ये कोणी नव्हतं.

झटपट

सगळे राहा-राहा म्हणताहेत, पण सुट्टी मोजकी असते हो. आम्ही पॅरिसहून एका दिवसात केलं. जाताना चार तासांच्या वर, येताना तेवढेच. बसमध्ये झोप काढली. मठाची वेळ आधीच आरक्षित होती, त्यामुळे रांगेचा त्रास नाही. गल्लीतल्या दुकानांत पाऊलही टाकलं नाही. क्रांतीनंतर १८६३ पर्यंत हा मठ तुरुंग होता, त्या काळातलं सामान वर ओढायचं प्रचंड लाकडी चाक आहे. आत कैदी चालायचे आणि चाक फिरायचं. ते पाहिलं, पैसे वसूल.

नवखी

छान धागा! आम्ही ऑक्टोबरमध्ये जातोय, बेटावर एक रात्र. दोन मोठ्या सुटकेस आणि दोन वर्षांचं बाळ. बाबागाडी न्यावी का?

ओसरी

@नवखी, बाबागाडी गाडीत किंवा पलीकडच्या काठावर ठेवा, बाळाला पाठीवर घ्या. मोठ्या बॅगा मठात नेऊ देत नाहीत आणि बस सोडते तिथून हॉटेलपर्यंत आपल्यालाच ओढायच्या असतात, वर पायऱ्या. रात्रीपुरती एक पाठपिशवी भरा. ऑक्टोबरमध्ये मठ साडेनऊला उघडतो आणि सहाला बंद होतो. तुमच्या तारखेचा भरतीचा आकडा काय आहे ते आधी बघून इथे लिहा, मग उधाणवारा सांगतील कुठे उभं राहायचं ते.

उधाणवारा

सांगतो की. तारीख टाका.