धर्मप्रसारक आणि मूलनिवासी यांच्या पहिल्या भेटींवरचे चित्रपट: खरेपणा कशावरून ठरवायचा?

प्रश्न

ब्रूस बेरेस्फर्ड यांच्या ‘ब्लॅक रोब’ (१९९१) या चित्रपटात १६३४ साली आजच्या कॅनडातल्या क्वेबेकहून ह्युरॉन या मूलनिवासी लोकांच्या मुलुखाकडे निघालेला एक तरुण जेझुइट (एका कॅथलिक धर्मसंघाचा) धर्मगुरू आहे आणि त्याला होडीतून नेणारी अल्गॉन्क्विन जमातीची माणसे आहेत. होड्या, तंबू, कातड्याचे कपडे यांवर घेतलेली मेहनत पाहून अनेकजण या चित्रपटाला अस्सलपणाचा नमुना मानतात. मला मात्र एक शंका छळते. ह्युरॉनांचे शत्रू असलेले मोहॉक लोक पडद्यावर येतात ते जवळजवळ केवळ छळ करण्यापुरते, आणि त्यांच्या रोजच्या संसारात, सभेत किंवा शेतात आपण कधी डोकावत नाही. वस्तू खऱ्या आणि माणसे अर्धवट, असे असेल तर त्या चित्रपटाला इतिहासाशी प्रामाणिक म्हणावे का? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद १

आपल्या शंकेचे मूळ चित्रपटाच्या साधनसामग्रीत आहे. न्यू फ्रान्समधल्या (उत्तर अमेरिकेतल्या फ्रेंच वसाहतीतल्या) जेझुइटांचे वार्षिक अहवाल १६३२ ते १६७३ या काळात पॅरिसमध्ये छापले जात आणि त्या काळाविषयीचे आपले बरेचसे ज्ञान त्यांतूनच येते. चित्रपटात घड्याळाचे ठोके ऐकायला जमलेली माणसे दिसतात, तो प्रसंग कल्पित नाही; घड्याळ जिवंत आहे असे समजून ते काय खाते, असे ह्युरॉन लोक विचारत, अशी नोंद झां द ब्रेबफ या जेझुइट धर्मगुरूने केली आहे.

याच ब्रेबफने १६३७ साली नव्या धर्मगुरूंसाठी प्रवासाच्या सूचना लिहिल्या. होडीत चढताना सोबत्यांना खोळंबून ठेवू नये, झगा वर खोचावा म्हणजे पाणी आणि वाळू आत येणार नाही, चिलीम पेटवून द्यायला उन्हाने विस्तव करणारे भिंग जवळ बाळगावे, दिलेली मक्याची पेज कशीही असली तरी खावी, आणि शेवटपर्यंत वल्हवायची तयारी नसेल तर वल्हे हातात घेऊच नये. या सूचना उलट बाजूने वाचल्या की दुसरेच चित्र दिसते. होडीत पाहुणा कोण आणि यजमान कोण, याविषयी कोणालाच शंका नव्हती. अवघडलेला, ओझे ठरणारा, सांभाळून घ्यावा लागणारा माणूस होता तो धर्मगुरू. चित्रपटाने याचा काही भाग उत्तम पकडला आहे, हे मान्य करायला हवे.

पण हे अहवाल फ्रान्समधल्या आश्रयदात्यांनी वाचावेत आणि मदत चालू ठेवावी, याही हेतूने लिहिले जात. त्यांत जे संकट ठळक दिसते तेच पडद्यावर ठळक होते, आणि जे लिहिणाऱ्याला महत्त्वाचे वाटले नाही ते पडद्यावर येतच नाही. साधनाशी इमान राखल्यामुळेच हा एकांगीपणा येतो.

प्रतिसाद २

मोहॉकांविषयी थोडे अधिक लिहितो. युद्धात किंवा साथीत गेलेल्या माणसाची जागा भरून काढणे हे त्यांच्या स्वाऱ्यांचे एक मोठे कारण होते, आणि कैद्याचे काय करायचे यात मृताच्या कुळातल्या वडीलधाऱ्या स्त्रियांच्या शब्दाला वजन असे. काही कैद्यांना हाल करून मारत, हे खरे आहे आणि ते झाकायचे कारण नाही. परंतु बायकामुलांना बहुधा दत्तक घेतले जाई आणि कित्येकदा मृताचे नावही दिले जाई, म्हणूनच चित्रपटात लहान मुलाला गळा चिरून मारतात तो प्रसंग मला सर्वांत अन्यायकारक वाटतो. शिवाय कैद्यांचे असे हाल फ्रेंचांचे मित्र असलेले ह्युरॉनही करत. १६३७ च्या अहवालात त्याचे तपशीलवार वर्णन आहे. आणि १६१० साली पॅरिसमध्ये राजा चौथा हेन्री याच्या मारेकऱ्याला भर चौकात घोड्यांकडून फाडले होते, हे त्या फ्रेंच वाचकांच्या स्मरणातले होते. क्रौर्य एकाच जमातीच्या माथी मारले की इतिहास खोटा होतो, मग त्यांची घरे कितीही हुबेहूब उभारलेली असोत.

शेवटही घाईचा आहे. तापाने पछाडलेले ह्युरॉन गाव बरे होण्याच्या आशेने बाप्तिस्मा मागते, असे दाखवले आहे. वस्तुतः १६३४ पासून १६४० पर्यंत एकामागून एक साथी आल्या, अखेरची देवीची, आणि ह्युरॉनांची लोकसंख्या सुमारे निम्मी झाली. धर्मगुरू मरणासन्न माणसांना बाप्तिस्मा देत, ती माणसे मरत, आणि म्हणून हे पाणीच जीव घेते, असा संशय गावोगाव पसरला. उपलब्ध अनुभवावरून काढलेला तो तर्कशुद्ध निष्कर्ष होता. मोठ्या संख्येने धर्मांतर झाले ते १६४० च्या दशकात, आणि त्यामागे श्रद्धेइतकाच व्यापारही होता, कारण फ्रेंच बंदुका बाप्तिस्मा घेतलेल्यांनाच विकत.

प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. मग अठराव्या शतकातल्या दक्षिण अमेरिकेतल्या जेझुइट वसाहतींवरच्या ‘द मिशन’ (१९८६) या चित्रपटाविषयी काय म्हणाल? तिथे ग्वारानी या मूलनिवासी लोकांबद्दल सहानुभूती तर ओतप्रोत आहे.

प्रतिसाद ३

सहानुभूती आहे, पण आवाज नाही. ग्वारानींच्या भूमिका कोलंबियातल्या वाउनाना लोकांनी केल्या, हा मुद्दा मी गौण मानतो. निर्णय कोण घेते, हा प्रश्न मोठा आहे. चित्रपटात लढायचे की प्रार्थना करायची, हा पेच दोन गोऱ्या धर्मगुरूंचा आहे. इतिहासात स्पेन आणि पोर्तुगाल यांच्यातल्या १७५० च्या माद्रिद करारान्वये उरुग्वाय नदीच्या पूर्वेकडची सात गावे पोर्तुगालला द्यायची ठरली, तेव्हा जेझुइट वरिष्ठांनी गावे सोडण्याचा आदेश दिला आणि विरोध उभारला तो गावांच्या ग्वारानी पंचायतींनी. १७५३ साली त्यांनी स्पॅनिश गव्हर्नरला स्वतःच्या भाषेत पत्रे लिहून कळवले की ही जमीन त्यांच्या पूर्वजांनी कसली आहे, चर्च त्यांच्या हातांनी बांधले आहे आणि राजाने असे फर्मान खरोखर काढले असेल यावर त्यांचा विश्वास बसत नाही. फेब्रुवारी १७५६ मध्ये स्पेन-पोर्तुगालच्या सैन्याशी काइबाते येथे झालेल्या लढाईत सुमारे दीड हजार ग्वारानी मारले गेले. पटकथाकाराला त्यांच्या तोंडी काय घालावे हा प्रश्नच पडायला नको होता, कारण पत्रे उपलब्ध आहेत. त्या पत्रांवर उभी राहिलेली एखादी पटकथा मला पाहायला आवडेल, आणि तिच्यात धर्मगुरूंना दुय्यम भूमिका मिळाल्या तरी चालतील.