मदत हवी आहे: मणका तुटलेल्या कुत्रीला झोपवायचं (इंजेक्शनने शांतपणे मरण द्यायचं) का, शेल्टरवाले कसं ठरवतात?

जुळे सोलापुरातल्या आमच्या गल्लीतली कुत्री, साधारण 4 वर्षांची, 20 दिवसांपूर्वी विजापूर रोडला गाडीखाली आली. एक्स-रेत मणका तुटलेला दिसला, मागचे पाय लुळे, चिमटा काढला तरी कळत नाही, ऑपरेशनचा उपयोग नाही असं दोन डॉक्टरांनी सांगितलं. तेव्हापासून पार्किंगमध्ये पोत्यावर ठेवलीय, दिवसातून 3 वेळा पोट दाबून लघवी काढतो, कूस बदलतो, तरी मांडीवर जखमा झाल्या आणि परवा त्यात अळ्या निघाल्या. कालपासून दुधात कुस्करलेल्या भाकरीवरून पण तोंड फिरवते, पण मी दिसलो की अजून कान मागे करते बघा, तिथंच माझा जीव अडकतो.

एका शेल्टरवाले म्हणाले आम्ही झोपवत नाही आणि जागा पण नाही, दुसरे म्हणाले आणा, लगेच इंजेक्शन देतो, न तपासताच, ते मला पटलं नाही. 2023 च्या एबीसी (भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीच्या) नियमांत झोपवायचं तर टीमने तपासून, क्वालिफाइड डॉक्टरनेच, दुसऱ्या कुत्र्यासमोर नाही, असं दिलंय एवढं वाचलंय.

खर्चाचा प्रश्न नाही. पण पुण्यापर्यंतचा प्रवास या उन्हात तिला झेपणार नाही, आणि व्हीलचेअरला जखमांमुळे डॉक्टर नको म्हणालेत.

शेल्टरमध्ये काम केलेल्यांनी प्लीज सांगा, दुखणं, खाणं, जखमा यातलं नेमकं काय बघून तुम्ही आता पुरे असं ठरवता? आधी गुंगीचं इंजेक्शन देतात का, मला तिच्याजवळ बसू देतात का? आणि सोलापुरात घरी येऊन हे नीट करणारे डॉक्टर कुणाला माहितीयत का?